कपडेखात्याची बारा मतं

३ फेब्रुवारी, सोमवार

मला आज लेखी ताकीद मिळाली, म्हणून हे लिहिते आहे. दुसरं काही कारण नाही. कॉलेज सुटल्यापासून मागणीपत्रं आणि नोंदवह्या सोडून मी काही लिहिलेलं नाही, आणि तशी हौसही नाही.

ताकीद निवडणूक समितीची. 'खातेप्रमुखांनी कर्मचारी संघटनेच्या निवडणुकीबाबत हाताखालच्या माणसांशी बोलू नये, प्रचार करू नये, कोणाचा कल विचारू नये. पुन्हा तक्रार आल्यास मतदानाचा हक्क काढून घेण्यात येईल.' शनिवारी स्टुलावर उभी राहून पंधरा मिनिटं बोलले, त्याचं हे बक्षीस! तक्रार कोणी केली? माझ्या अकरा जणींपैकी शक्यच नाही. भांडाराचा शिपाई तेव्हा साबणाची पोती टाकायला आला होता — तोच.

घरी बोलावं, तर ह्यांनी हात जोडले. "रुग्णालयाची निवडणूक रुग्णालयात ठेव. मी निवृत्त माणूस आहे. मला वर्तमानपत्र वाचू दे."

तिथे बोलायचं नाही, इथे बोलायचं नाही. राहिला कागद.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मुद्दा काय तो एकदाच नीट लिहून ठेवते.

आताचे अध्यक्ष — भांडाराचे मुख्य कारकून, नऊ वर्षं खुर्चीला चिकटलेले — रुग्णालयाची धुलाई बाहेरच्या ठेकेदाराला द्यायला तयार झाले आहेत. यंत्रं मोडीत जाणार. माझ्या अकरा बायका पत्त्यांसारख्या पिसून वाटणार: काही वॉर्डात, काही कागदपत्रांच्या खोलीत, एखादी स्वयंपाकघरात. आणि मी भांडारात, त्यांच्या हाताखाली! निवृत्तीला चौदा महिने राहिले असताना.

संमतीपत्रावरची सही नव्या अध्यक्षाची लागते. निवडणूक एकवीसला. उभे दोघेच — आताचे अध्यक्ष, आणि आमचा लिफ्टवाला.

लिफ्टवाला सही करणार नाही. तसं त्याने पत्रकात छापलं आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी हे खातं माझ्याकडे आलं तेव्हा महिन्याला साठ चादरी हरवायच्या. आता दोन. रोज सातशे चादरी, वर डॉक्टरांचे अंगरखे, पडदे, झबली. शस्त्रक्रियेच्या खोलीत सकाळी सातला स्वच्छ कपडा पोचला नाही, असा एक दिवस गेलेला नाही. हे त्या अकरा जणींनी केलं आणि मी करून घेतलं. हे मोडू द्यायचं?

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज आकडेमोड केली. मतदार तीनशे बारा. स्वयंपाकघर अध्यक्षांचं, भांडार अध्यक्षांचं, कारकून बहुतेक त्यांचेच. गाडीचालक लिफ्टवाल्याचे. क्ष-किरणवाले कुंपणावर. परिचारिका सत्तर, त्यांचं काही सांगता येत नाही. कसंही मोजलं तरी लिफ्टवाला वीसेक मतांनी मागे.

कपडेखाते: बारा. हे मात्र पक्के.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीत आत गेले तर सगळ्या एकदम गप्प! मला ताकीद आली हे त्यांना लागलं आहे बहुतेक.

१० फेब्रुवारी, सोमवार

तिसऱ्या मजल्यावर पडद्यांची मापं घ्यायला गेले. लिफ्टमध्ये आम्ही दोघेच.

"बाई, तुम्हाला बोलायला मनाई आहे म्हणे."

"माझ्या खात्यातल्या माणसांशी. लिफ्ट कुठल्या खात्यात येते?"

"कुठल्याच नाही. म्हणून तर बावीस वर्षं पगारवाढीत माझं नाव राहून जातं!" हसला. मग लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबवली. मी दटावलं. म्हणाला, "एकच मिनिट. कपडेखातं हलणार नाही, बाई. माझा शब्द. तुमच्या बायकांचं काय?"

"बारा मतं. मोजून ठेव."

"विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? मी ओळखते त्यांना."

या माणसाची एक गोष्ट मला आवडते. दिवसभर वर-खाली करताना सगळ्यांची गाऱ्हाणी ऐकतो, पण इकडची तिकडे करत नाही. अध्यक्ष सगळीकडे सांगत सुटलेत, "त्याला दोनच दिशा माहीत!" परिचारिका हसतात म्हणे. हसोत. त्यातल्या निम्म्या आजारी आईबापांना तपासायला आणतात तेव्हा हाच ताटकळून थांबतो.

आणि मुख्य म्हणजे, आजवर संघटनेत हात वर करून मतदान व्हायचं. यंदा प्रथमच बंद पेटी आणि चिठ्ठी — ते त्याच्या आग्रहामुळे. आता माणसं न भिता मत देतील. मी पहिल्यापासून हेच सांगत आले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

क्ष-किरणवाले वळले! सातच्या सात. गाडीचालकांच्या मुकादमाने जाता जाता सांगितलं. मला कोणी येऊन बातमी सांगायला मनाई नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

थोरली आज कपाटाशी एकटीच आली. माझ्या आधीपासून या खात्यात आहे, गुडघे गेलेत, पण घडी अशी की पट्टी लावून बघावी.

"बाई, एक विचारू? लिफ्टवाला आला तर आपण इथेच?"

"इथेच."

"निवृत्तीपर्यंत?"

"अगदी निवृत्तीपर्यंत!"

ती मागच्या टोपलीवर बसलीच. कामाच्या वेळी मी कोणाला बसू देत नाही, पण आज काही बोलले नाही. इतक्या दिवसांची धास्ती उतरली की माणसाच्या पायातलं बळ जातं. तिच्यासाठी तरी हा माणूस यायला हवा.

प्रश्न तिने विचारला, मी फक्त उत्तर दिलं. ताकीद मोडलेली नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ह्यांनी पकडलं. "लिफ्टवाल्याच्या लग्नात तू वरमाई आहेस का? सकाळपासून गुणगुणते आहेस."

मी गुणगुणत होते?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

चिठ्ठी टाकायची सवय नाही म्हणून समितीने प्रत्येक खात्यात सराव घेतला. सरावाच्या चिठ्ठीवर खरी नावंच छापलेली. समितीचा आळस! नावापुढे शिक्का मारायचा, घडी घालायची, पेटीत टाकायची. पेटी म्हणजे आमचाच साबणाचा रिकामा डबा. मला बाहेर थांबवलं. दारात उभी राहिले, पाठ करून.

समितीचा कारकून घाईत. जाताना डबा माझ्या टेबलावर ठेवून गेला. "बाई, यातल्या चिठ्ठ्या फाडून टाका तेवढ्या."

सुट्टी होईपर्यंत डबा समोर होता. फाडल्या नाहीत.

१५ फेब्रुवारी, शनिवार

वाचल्या.

फाडायला सांगितलं होतं, वाचायला नाही, हे मला कळतं. कपाटाच्या दाराआड उभी राहून वाचल्या, चोरासारख्या. एकोणीस वर्षांत रुग्णालयाची एक टाचणी घरी नेली नाही मी.

पण वाचल्या, आणि बघते तर प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात पेन्सिलीची खूण! आमच्याकडे प्रत्येक गठ्ठ्याला कागदाची पट्टी असते आणि गठ्ठा बांधणारीने तिच्या कोपऱ्यात आपली खूण करायची. थोरलीची फुली, रेडिओचं वर्तुळ — अखंड बडबडते म्हणून रेडिओ — आणि चादरींना इस्त्री करणाऱ्या गरम रुळांच्या यंत्रावर काम करते तिच्या दोन रेघा. गठ्ठ्यात फाटकी चादर निघाली की कोणाची ते लगेच कळतं. ही शिस्त माझी. हाताला इतकी बसली आहे की मताच्या चिठ्ठीवरही उमटली!

अकरा चिठ्ठ्या, अकरा खुणा. आणि अकराही शिक्के लिफ्टवाल्यासमोर.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लिहून ठेवते, कारण कोणाला सांगणार नाही.

मग बारीक तुकडे करून बंबात टाकले.

१७ फेब्रुवारी, सोमवार

रात्रभर तेच डोक्यात — खऱ्या मतदानात खूण केली तर मत बाद! नियम पाचवा. अकरा मतं हातातली जायची. सांगावं तर प्रचार, न सांगावं तर नुकसान. शेवटी समितीकडे जाऊन विचारलं. "नियम समजावायला हरकत नाही," म्हणाले.

सकाळी सगळ्यांना उभं केलं. "मताच्या चिठ्ठीवर फुली, गोल, रेघ — काही काढायचं नाही. नुसता शिक्का. खूण दिसली की मत बाद."

मग रेडिओ म्हणाली, "म्हणजे बाई, कुठली चिठ्ठी कुणाची ते कळणारच नाही?"

"नाही."

"तुम्हालासुद्धा?"

"मलासुद्धा. गुप्त म्हणजे गुप्त."

"अगं बाई!" म्हणाली आणि खुदकन हसली. रुळावरचीने तिला कोपर मारलं. "बरं झालं सांगितलंत, बाई."

मी चिठ्ठ्या वाचल्या हे त्यांच्या लक्षात आलं असणार. पण कोणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट दिवसभर खात्यात अशी हलकी हवा होती की मलाच दोनदा "हळू!" म्हणावं लागलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

परिचारिकांची सभा झाली. रात्रपाळीची सोय कोण करणार यावर अध्यक्षांना उत्तर देता आलं नाही. लिफ्टवाल्याने म्हणे कागद काढून कोणाच्या किती रात्रपाळ्या सलग झाल्या ते वाचून दाखवलं. लिफ्टमध्ये ऐकलेलं सगळं त्याने लिहून ठेवलं आहे! सत्तरपैकी निम्म्या तरी आल्या.

पुन्हा मोजून बघितलं. आता तो सहाने पुढे. त्यात माझे बारा धरलेले आहेत.

म्हणजे आम्ही नसतो तर तो मागे. आमच्यावर आहे सगळं! एखादी आजारी पडली तर? रुळावरचीच्या मुलाला ताप आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळी ह्यांच्याशी बोललेच. चहा होईपर्यंत ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "तू त्यांना कधी विचारलंस, तुम्हाला काय हवं आहे?"

"मनाई आहे."

"मनाई तीन तारखेपासून. त्याआधी?"

पुरुषांना प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय असते. मुलाला कोणी विचारतं का, तू आईकडेच राहणार ना म्हणून?

२० फेब्रुवारी, गुरुवार

मुलाचा ताप उतरला. रुळावरची येणार.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मतदान झालं.

आठ वाजता आमची पेटी आली. सगळ्या आल्या होत्या, आणि एकीने तर केस नीट विंचरून अंबाडा घातलेला. एकेक जण पडद्याआड गेली. मी घड्याळ लावून बघत होते — गठ्ठा बांधायला जितका वेळ लागतो त्याहून जास्त कोणाला लागला नाही. फक्त थोरली आत बराच वेळ होती. बाहेर आली ती माझ्याकडे न बघता तडक तिच्या जागेवर गेली. शेवटी मी शिक्का मारला.

दोन चादरी मी स्वतः चुकीच्या वॉर्डात पाठवल्या. मी!

लिफ्टवाला दारातून डोकावला. "बाई, बारा?"

"बारा," म्हटलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आला! निवडून आला!

एकशे पंचावन्न विरुद्ध एकशे सेहेचाळीस. नऊ मतांनी. परिचारिका माझ्या अंदाजाहून जास्त आल्या. गाडीचालकांनी त्याला खांद्यावर घेतलं, तो ओरडत होता, "अरे खाली ठेवा, मला उंचीची सवय आहे पण अशी नाही!" अध्यक्षांनी जाऊन हात मिळवला, ते चांगलं केलं.

मी मोजणीच्या खोलीबाहेर साडेअकरापर्यंत उभी होते. पाय सुजलेत. खातं वाचलं. यंत्रं वाचली. इतकं हायसं मला मुलीचं बाळंतपण सुखरूप पार पडलं तेव्हाच वाटलं होतं.

घरी निघताना फलकावर पेटीवार आकडे लावत होते. उगीच थांबले. आपले बारा छापलेले बघावेत म्हणून.

कपडेखाते. एकूण मतं बारा. बाद एकही नाही.

लिफ्टवाला — एक.

समितीच्या माणसाला म्हटलं, रकाने उलटे झालेत. तो म्हणाला, "तिघांनी मोजलं, बाई." पुन्हा विचारलं. त्याने कागद दाखवला.

एक मत माझं आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

हे म्हणाले, "जिंकलात ना? मग चहा असा काय पितेस?" कप विसळायला उठले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मी यंत्रं सुरू करू दिली नाहीत. अकराही जणी रांगेत उभ्या राहिल्या. त्यांनाही आकडा कळलेला. रेडिओ भिंतीकडे बघत होती.

थोरलीच पुढे आली. "बाई, ओरडायचं असेल तर आत्ताच ओरडा. शस्त्रक्रियेच्या खोलीचा कपडा खोळंबलाय."

"एकीलाही इथे राहायचं नाही?"

एकीने पायाजवळची टोपली बाजूला सारली.

"सरावाला तर अकराच्या अकरा —"

"चिठ्ठ्या तुमच्याच टेबलावर येणार होत्या ना. कारकून आदल्या दिवशीच बोलला होता."

"मग त्या खुणा? सवयीने नव्हत्या केल्या?"

"सवयीने कसल्या! तुम्हाला दिसाव्यात म्हणून केल्या, बाई. नाहीतर एकवीसपर्यंत तुमचं तोंड कोण बघणार?"

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

रुळावरचीने उजवा हात पुढे केला. मागच्या वर्षी रुळांत गेलेली दोन बोटं अजून वळत नाहीत. मी तेव्हा तिला चौथ्या दिवशी कामावर घेतलं होतं — हलकं काम दिलं, असं मला वाटत होतं. मी त्या हाताकडे बघत राहिले तेव्हा म्हणाली, "वॉर्डात पंखा असतो, बाई. बस्स, एवढंच."

मी आजूबाजूला बघितलं. खरंच आमच्याकडे पंखा नाही. सुकलेले धागे उडतात म्हणून मीच काढायला लावला. माझी खोली काचेपलीकडे आहे. तिथे आहे.

"त्या शनिवारी मी स्टुलावर बोलले, त्याची तक्रार —"

"मी केली," थोरली म्हणाली. "लिहायला येत नाही, नातीकडून लिहून घेतली. रागावू नका. तुम्ही थांबेनातच."

"मला सरळ का नाही सांगितलंत?"

तिने विचार केला. टाळाटाळ नाही, अगदी खरोखर आठवून बघितल्यासारखा.

"कधी?" म्हणाली.

मला एकोणीस वर्षांतली एक वेळ सांगता आली नाही.

यंत्रं सुरू केली. सातचा कपडा साडेसातला पोचला. नोंदवहीत उशीर लिहिला, कारण म्हणून माझं नाव लिहिलं. मग सगळ्यांना सांगितलं — ज्यांना बदली हवी त्यांनी चारपर्यंत अर्ज द्यावा, कोणत्या खात्यात ते लिहावं, ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा मी लिहीन. त्या म्हणतील ते, म्हणतील तसं.

सात अर्ज मी लिहिले. थोरली सांगत होती, मी लिहीत होते. तिला कागदपत्रांच्या खोलीत जायचं आहे. का, ते विचारलं. आज विचारलं. "तिथे बसून काम असतं," म्हणाली.

चारला मोजले. अकरा.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

नव्या अध्यक्षांना लिफ्टमध्ये गाठून स्वतःच्या हाताने दिलं: बदलीचे अर्ज, अकरा, प्रत्येकावर माझी शिफारस आणि सही. धुलाई बाहेर द्यायला खातेप्रमुखांची हरकत नाही असं पत्र, एक. त्याने दोनदा वाचलं. "बाई, मग मी निवडून कशाला आलो?" म्हटलं, "यासाठी. सही कर." पोच घेतली.